घरोघरी फोन पोचल्यानंतरचा मोबाईलचा धंदा

गंगाखेडच्या एका तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे बसस्थानकाजवळ स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान आहे आणि त्यातील अर्ध्या जागेत मोबाईलचे काउंटर टाकण्याचा त्यांचा विचार आहे. मात्र परभणीचे जुने दुकानदार सांगतात की नगांची विक्री पूर्वीसारखी राहिलेली नाही, आणि कंपन्यांकडे पाहावे तर नवी मॉडेले येतच आहेत आणि आधीच्यापेक्षा महागही होत आहेत. माल खपत नसेल तर भाव उतरायला हवेत, ते चढत का आहेत? गिऱ्हाईक नेमके कशाने बदलले? आणि अशा वेळी या धंद्यात उतरावे का? लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत आधी मोबाईलचे वितरण आणि नंतर किरकोळ दुकान अशी दोन्ही कामे मी अनेक वर्षे केली असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आयुष्यात पहिल्यांदा फोन घेणारे गिऱ्हाईक आता फारसे उरलेले नाही, आणि पुढचे सगळे यातूनच निघते. आज काउंटरवर येणाऱ्या बहुतेक माणसांच्या खिशात एक चालू फोन असतोच. त्यामुळे तुमची स्पर्धा शेजारच्या दुकानाशी किंवा ऑनलाइन विक्रीशी होण्याआधी त्या खिशातल्या फोनशी होते. तो जोपर्यंत बरा चालतो आहे तोपर्यंत नवीन मॉडेलची जाहिरात कितीही जोरात झाली तरी गिऱ्हाईक फक्त भाव विचारून जाते.

आकडे हेच सांगतात. आयडीसी या बाजार संशोधन संस्थेच्या नोंदीनुसार 2021 मध्ये भारताच्या बाजारात सुमारे 16.1 कोटी स्मार्टफोन उतरले; 2022 मध्ये ते 14.4 कोटींवर आले, 2023 मध्ये 14.6 कोटी आणि 2024 मध्ये 15.1 कोटी झाले. म्हणजे फाइव्ह-जी आल्यावरही 2021 चा आकडा पुन्हा गाठला गेला नव्हता. त्याच काळात एका फोनची सरासरी किंमत मात्र 2022 मधील 224 डॉलरवरून 2024 मध्ये 259 डॉलरवर गेली. जगभरातही हेच चित्र आधीपासून होते. 2016 च्या सुमारास वर्षाला 147 कोटींच्या घरात जाणारे नग 2023 मध्ये 117 कोटींपर्यंत घसरले आणि तो दहा वर्षांतला नीचांक ठरला. नग थांबले आणि भाव चढला, या दोन्ही गोष्टी एकाच कारणातून घडल्या आहेत, हे पुढे हिशेबातून दिसेल.

त्याआधी मागचा काळ थोडा पाहायला हवा, कारण जुने दुकानदार ज्या तेजीची आठवण काढतात ती तेजी वेगळ्या प्रकारची होती. 2003 साली आलेला नोकियाचा 1100 हा टॉर्चवाला फोन आमच्याकडे रात्रीच्या लाईटच्या पाळीला मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याने घेतला, कारण त्याला बोलण्याइतकीच उजेडाचीही गरज होती. त्यानंतर मायक्रोमॅक्स, कार्बन, लाव्हा, इंटेक्स यांनी दोन सिमचे स्वस्त फोन आणले आणि घरातला दुसरा, तिसरा माणूस गिऱ्हाईक झाला. जुलै 2014 मध्ये शाओमीने फक्त ऑनलाइन विक्रीने भारतात प्रवेश केला, तर ओप्पो आणि विवो यांनी उलट वाट धरून तालुक्यातालुक्यांत दुकानांच्या पाट्या बदलून दिल्या आणि काउंटरवर प्रमोटर, म्हणजे आपला फोन खपवणारी पगारी माणसे, उभी केली. मग 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ सुरू झाले. जिओ चालण्यासाठी फोर-जीचा हँडसेट लागत होता, त्यामुळे चांगले चालणारे थ्री-जी फोन लोकांनी बाजूला ठेवले आणि ज्या देशी कंपन्यांचा थ्री-जी माल गोदामात पडून होता त्यांचे कंबरडे मोडले. जुना फोन सुस्थितीत असतानाही तो बदलणे भाग पडावे अशी ती वेळ होती, आणि दुकानदारांच्या डोक्यातली ‘चांगली विक्री’ अजूनही त्याच दोन-तीन वर्षांच्या मापाने मोजली जाते.

1 ऑक्टोबर 2022 रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले तेव्हा पुन्हा तसेच होईल अशी कंपन्यांची आणि आमचीही अपेक्षा होती. तसे झाले नाही, कारण फोर-जीचा फोन फाइव्ह-जी आल्यावरही आधीसारखाच चालत राहिला. व्हॉट्सअॅप, यूट्यूब, फोन-पे आणि बाजारभाव पाहण्यासाठी लागणारा वेग त्यात होताच. 2017 मध्ये विकलेला दोन जीबी रॅम आणि सोळा जीबी स्टोरेजचा फोन दीड वर्षात भरून जायचा, हँग व्हायचा आणि गिऱ्हाईक वैतागून परत यायचे. 2021 मध्ये विकलेला चार किंवा सहा जीबीचा फोन मात्र अजून चालतो आहे. पूर्वी फोन लवकर निकामी होत असे आणि त्यावर आमची विक्री चालत असे, हे धंद्यातल्या माणसाने मान्य करायला हरकत नाही.

आता गिऱ्हाईक काय विचारते ते पाहा. औसा तालुक्यातले एक शेतकरी मागच्या दिवाळीनंतर सोयाबीनची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब आणि पैसे, घेऊन आडतीवरून थेट दुकानात आले. हातातल्या फोनच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावलेली होती, कारण बॅटरी फुगून झाकण उचलले होते. पूर्वी असे गिऱ्हाईक प्रथम कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते विचारायचे. यांनी विचारले, ‘‘हे पाच वर्सं चालंल का? अन् बॅटरी बदलून मिळंल का लातुरातच?’’ किमतीचा विषय त्यानंतर निघाला. पहिल्या फोनच्या वेळी माणसाला फोनचे अप्रूप असते, दुसऱ्याच्या वेळी कौतुक असते आणि चौथ्या फोनच्या वेळी त्याला त्याचे दोष पाठ झालेले असतात. चार्जिंगची पिन कधी सैल होते, डिस्प्लेचा फोल्डर (काचेसकट पूर्ण स्क्रीन) केवढ्याला पडतो, कोणत्या कंपनीचा सुटा भाग महिनाभर येत नाही, हे त्याने स्वतः भोगलेले असते. अशा गिऱ्हाइकाला प्रमोटरने पाठ केलेले वाक्य ऐकवून माल देता येत नाही.

नवीन घ्यायचा की दुरुस्त करायचा, हा निर्णय दुरुस्तीच्या टेबलावर होतो. आमच्याकडचा सर्वसाधारण अनुभव असा आहे की दुरुस्तीचा खर्च जुन्या फोनच्या चालू बाजारभावाच्या निम्म्याच्या आत असेल तर गिऱ्हाईक दुरुस्त करते, निम्म्याच्या वर गेला की घुटमळते आणि फोल्डरसोबत मदरबोर्डचे काम निघाले की नवीन फोनकडे वळते. बॅटरी आणि चार्जिंग पिन ही दोन कामे या हिशेबात नेहमीच दुरुस्तीच्या बाजूला पडतात. ॲपललाही हा अनुभव आला आहे. 2018 मध्ये त्या कंपनीने जुन्या आयफोनची बॅटरी सवलतीच्या दरात बदलून दिली, आणि जानेवारी 2019 मध्ये विक्रीचा अंदाज घटवताना कंपनीचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी भागधारकांना लिहिलेल्या पत्रात इतर कारणांबरोबर या स्वस्त बॅटरीचेही कारण दिले होते. बॅटरी नवी झाल्यावर लोकांना फोन बदलण्याची निकड राहिली नाही. शेकडो डॉलरच्या फोनबाबत जे झाले तेच आठ हजारांच्या फोनबाबत सेलू-जिंतूरमध्ये होते.

घरात फोन खाली उतरत जातो, हेही ध्यानात घ्यावे. कॉलेजला जाणाऱ्या मुलासाठी नवीन फोन घेतला जातो, त्याचा फोन आईकडे येतो आणि आईचा आजोबांकडे जातो. एका विक्रीत तिघांची गरज भागते आणि पूर्वी स्वतंत्रपणे येणारी दोन गिऱ्हाइके कमी होतात. लातूरसारख्या ठिकाणी याच्या उलट एक छोटा ओघही आहे. नीटच्या तयारीसाठी येणाऱ्या मुलांच्या अनेक वसतिगृहांत स्मार्टफोनला मनाई असते, म्हणून जून-जुलैत पालक बटणाचे साधे फोन घेतात. साधा फोन संपला असे जे सांगितले जाते ते पूर्ण खरे नाही. त्यात नफा थोडा असतो, पण माल अडकत नाही.

जुना फोन सुस्थितीत असूनही बदलायला लावणारी कारणे आता सॉफ्टवेअरकडून येतात. व्हॉट्सअॅपने 1 जानेवारी 2025 पासून अँड्रॉइडच्या किटकॅट या जुन्या आवृत्तीवरच्या फोनमध्ये चालणे बंद केले. बँकांची ॲपही जुन्या आवृत्तीवर एक-एक करून बंद पडतात. आपल्या भागात आणखी एक कारण आहे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढून चढवावा लागतो आणि त्यासाठी फोनचे लोकेशन नीट चालावे लागते. खरिपाच्या नोंदणीच्या शेवटच्या दिवसांत ‘लोकेशन धरत नाही’ म्हणून फोन घेऊन येणारी माणसे आम्ही दरवर्षी पाहतो. त्यातल्या बहुतेकांचे काम सेटिंग बदलून किंवा स्टोरेज मोकळे करून भागते. ज्यांचे तेवढ्याने भागत नाही ते दिवाळीपर्यंत कसेबसे काढतात आणि मग नवीन घेतात.

दिवाळीपर्यंत का, तर पैसा तेव्हा येतो. शहरातल्या नोकरदाराची खरेदी ऑनलाइन सेलच्या तारखांना होते, मराठवाड्यातली खरेदी पिकाच्या तारखांना होते. सोयाबीन निघाल्यावर दसरा-दिवाळीला, कापूस आणि तूर आल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत, आणि मग लग्नसराईत. बीडकडे ऊसतोड कामगार मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन कारखान्याला निघतात तेव्हा घरी राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांजवळ आणि मुलांजवळ बोलता यावे म्हणून फोनची खरेदी किंवा दुरुस्ती होते. सगळ्यांकडे आधीच फोन असलेल्या बाजारात हा हंगाम अधिकच टोकदार झाला आहे, कारण बदल पुढे ढकलणे शक्य असते. ज्याच्याकडे फोनच नव्हता तो मिळेल तेव्हा घ्यायचा. ज्याच्याकडे आहे तो पिकाला भाव येण्याची वाट पाहू शकतो. सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी आमचा ऑक्टोबर कोरडा जातो आणि कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या साहेबांना ते समजावून सांगण्यात निम्मी बैठक जाते.

आता कंपन्यांचा हिशेब. समजा एक माणूस 9,000 रुपयांचा फोन घेऊन दोन वर्षे वापरतो आणि दुसरा 18,000 रुपयांचा घेऊन चार वर्षे. दोघांनाही महिन्याला 375 रुपयेच पडतात. गिऱ्हाइकाने बदलाचा काळ दुप्पट केला तर कंपनीला तेवढाच पैसा मिळवण्यासाठी किंमत दुप्पट करावी लागते, आणि गिऱ्हाईकही ती कुरकुरत का होईना देते, कारण त्याला टिकणारी वस्तू हवी असते. भाव चढण्याचे हे मुख्य कारण आहे. त्यात 1 एप्रिल 2020 पासून मोबाईलवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला, आणि 2025 च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी मागणी वाढल्यामुळे मेमरी चिपचे भाव भडकले. मेमरीचा बोजा स्वस्त फोनवर जास्त पडतो, कारण त्याच्या एकूण खर्चात मेमरीचा वाटा मोठा असतो. दहा हजारांच्या आतला चांगला फोन मिळणे म्हणूनच अवघड होत चालले आहे.

एकदम 18,000 रुपये काढणे मात्र अवघड असते, म्हणून किमतीच्या पाठोपाठ हप्ता आला. आज शहरातल्या काउंटरवर फायनान्सचा माणूस प्रमोटरइतकाच महत्त्वाचा आहे. गावाकडे याची एक अडचण आहे, तिची जाणीव ठेवा. हप्ता महिन्याला जातो आणि शेतकऱ्याचा पैसा हंगामाला येतो. ज्यांच्या घरी दुधाचा पगार दर दहा दिवसांनी येतो, जे शिक्षक, एसटीचे कर्मचारी किंवा अंगणवाडी सेविका आहेत, त्यांचे हप्ते सुरळीत जातात. नुसत्या सोयाबीनवर असलेल्या माणसाला हप्त्यावर फोन दिला तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात खात्यात शिल्लक नसते, बँकेचा दंड लागतो, काही ठिकाणी हप्ता थकल्यावर फोनच लॉक होतो, आणि तो माणूस फायनान्स कंपनीकडे जात नाही, तुमच्या दुकानात येऊन बसतो. अशा गिऱ्हाइकाला एक पायरी खालचा फोन रोखीने द्यावा हे माझे मत आहे, मग त्या महिन्याचे फायनान्सचे टार्गेट हुकले तरी चालेल.

टिकाऊपणाच विकायचा असे ठरल्यावर कंपन्यांनी त्याची हमी लिहून द्यायला सुरुवात केली. गूगलने ऑक्टोबर 2023 मध्ये पिक्सेल 8 साठी आणि सॅमसंगने जानेवारी 2024 मध्ये एस 24 साठी सात वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी सॅमसंगच्या ए 16 या मध्यम किमतीच्या फाइव्ह-जी फोनलाही सहा वर्षांची हमी मिळाली, आणि तालुक्याच्या बाजारासाठी ही बातमी पहिल्या दोन्हींपेक्षा मोठी होती. युरोपात 20 जून 2025 पासून लागू झालेल्या नियमांमुळे सुटे भाग आणि अपडेट अनेक वर्षे पुरवणे कंपन्यांवर बंधनकारक झाले आहे. भारतात दुरुस्तीच्या हक्कासाठी सरकारने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टल सुरू केले, परंतु त्याने हिंगोलीच्या दुकानात अस्सल फोल्डर लवकर येऊ लागला असे म्हणता येणार नाही.

नग वाढत नाहीत याची खूण ॲपलच्या वागण्यातही दिसली. नोव्हेंबर 2018 मध्ये त्या कंपनीने आयफोनचे नग जाहीर करणेच थांबवले आणि गुंतवणूकदारांचे लक्ष ॲप स्टोअर, आयक्लाउड अशा सेवांकडे वळवले. 2024 च्या आर्थिक वर्षात सेवांमधून तिला 96 अब्ज डॉलरहून अधिक मिळाले, म्हणजे एकूण उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा. प्रत्येक कंपनीला हे जमत नाही, पण दिशा तीच आहे. कोणी इअरबड आणि घड्याळ जोडते, कोणी स्वस्त फोनच्या पडद्यावर जाहिराती दाखवून तूट भरून काढते. ज्यांना यातले काहीच जमले नाही त्यांनी दुकान आवरले. एलजीसारख्या मोठ्या कंपनीने एप्रिल 2021 मध्ये मोबाईलमधून बाहेर पडण्याची घोषणा केली. म्हणून नवख्या कंपनीची एजन्सी मोठ्या मार्जिनच्या आमिषाने घेऊ नका. ती कंपनी उद्या गेली तर सर्व्हिससाठी शिव्या तुम्हाला खाव्या लागतील.

कंपन्यांचे दुकानदाराशी असलेले नातेही यामुळे बदलले. तेजीत कंपनीला माल दुकानात ढकलण्याची घाई असे आणि तेवढ्यावर स्कीम, म्हणजे जादा कमिशन, मिळत असे. आता कंपनी फोन प्रत्यक्ष चालू झाला का ते पाहते आणि स्कीमचा पैसा त्या ॲक्टिव्हेशनवर देते. तो लगेच हातात पडत नाही, क्रेडिट नोटच्या रूपाने, म्हणजे पुढच्या मालाच्या बिलातून वजा होऊन, नंतर येतो. मॉडेलचा भाव उतरला की दुकानात पडलेल्या नगांवरचा फरक मिळतो, पण त्याला मुदत असते आणि मुदतीबाहेरचा माल तुमच्या अंगावर पडतो. नवीन फोनवरचे उघड मार्जिन टक्केवारीत एका आकड्याचे असते. एक नग सहा महिने पडून राहिला आणि भाव उतरला की पाच नगांचा नफा जातो. म्हणून डिस्ट्रिब्युटरने स्कीम कितीही चांगली सांगितली तरी हंगाम नसताना साठा भरू नये. हे मी डिस्ट्रिब्युटर राहिलेला माणूस म्हणून सांगतो आहे.

आता तुमच्या काउंटरबद्दल. उतरावे असे माझे मत आहे, पण नवीन फोनचे दुकान म्हणून उतरू नये. लोक फोन चार वर्षे वापरणार असतील तर त्या काळात त्यांना दोनदा बॅटरी, कित्येकदा टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर, एखादा फोल्डर आणि दोन-तीन चार्जर लागणार आहेत, आणि ही सगळी गिऱ्हाइकी बसस्थानकाजवळच्या दुकानाला सहज मिळते. झेरॉक्सचे दुकान आधीच असल्यामुळे ई-केवायसी आणि अर्जांसाठी लोक तुमच्याकडे येतातच; त्याच माणसाचा फोन हँग होत असेल तर तो दुसरीकडे कशाला जाईल? हाताशी चांगला कारागीर मिळवणे ही मात्र अट आहे. तुम्ही स्वतः निदान फोल्डर आणि पिन बदलण्याइतके शिकून घ्या, नाहीतर कारागीर गेला की काउंटर बंद पडेल. सुट्या भागांत दोन प्रतींचा माल ठेवा, पण कोणता अस्सल आणि कोणता कॉपी हे गिऱ्हाइकाला बिलावर लिहून द्या.

जुन्या फोनची खरेदी-विक्री हा त्यातला सर्वांत किफायतशीर आणि सर्वांत जोखमीचा भाग आहे. पंधरा हजारांचा फोन ज्याला परवडत नाही त्याला दोन वर्षे वापरलेला तोच फोन सात-आठ हजारांत हवा असतो, आणि त्यावरचे मार्जिन नवीन फोनच्या कितीतरी पट असते. पण चोरीचा माल हातात आला तर पोलीस ठाण्याच्या चकरा ठरलेल्या. फोन घेण्याआधी KYM लिहून पुढे पंधरा आकडी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) टाकून 14422 वर संदेश पाठवावा किंवा संचार साथी पोर्टलवर तपासावा. चोरीची तक्रार होऊन बंद केलेला हँडसेट तिथे लगेच कळतो. देणाऱ्याचे ओळखपत्र, सही आणि मूळ बिलाची प्रत नोंदवहीला लावावी, आणि बिल नसेल तर ओळखीच्या माणसाचाही फोन घेऊ नये. जीएसटीमध्ये वापरलेल्या मालासाठी नियम 32(5) आहे. खरेदीवरच्या कराची वजावट (इनपुट टॅक्स क्रेडिट) घेतली नसेल तर पूर्ण विक्री किमतीवर कर न लागता खरेदी आणि विक्रीतील फरकावर लागतो. तालुक्यातल्या बऱ्याच दुकानदारांना हे माहीत नसते, तेव्हा तुमच्या कर सल्लागाराला आधीच विचारून ठेवा.

नवीन फोन सुरुवातीला दोन कंपन्यांचेच ठेवा, आणि तेही ज्यांचे सर्व्हिस सेंटर परभणीत चालू आहे अशांचे. हप्त्यावर फोन देण्यासाठी लागणारा फायनान्स कंपनीचा कोड मिळायला वेळ लागतो, त्यासाठी पावसाळ्यातच कागदपत्रे द्या. दुरुस्तीचे टेबल जूनमध्ये सुरू केले तर पावसात भिजलेल्या फोनवर तुमचा हात बसेल आणि गिऱ्हाईक ओळखीचे होईल. नवीन फोनची पहिली खरेदी दसऱ्याच्या आठ-दहा दिवस आधी, त्या वर्षीचा सोयाबीनचा भाव पाहून करावी.